महदाइसांच्या मुखी धवळे कसे आले

श्रीक्षेत्र रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानात एकदा विवाह मांडला गेला. नवरदेव स्वतः श्रीप्रभू. बालकाने हट्ट धरावा तशी श्रीप्रभूंना विवाहाची प्रवृत्ती झाली, आणि भक्तजनांनी ती आज्ञा मानून विवाहाची सिद्धता केली. रिद्धपूरच्या जनांना श्रीप्रभूंचे असे खेळ नवीन नव्हते. कोणाच्याही घरी शिरावे, कोणाच्याही ताटातले आरोगावे, मनास येईल ते मागावे, हा त्यांचा नित्य क्रम होता. विवाह म्हटला म्हणजे गाणे आले आणि गाणे म्हटले म्हणजे धवळे आले. श्रीप्रभूंनी महदाइसांना धवळे गाण्याची आज्ञा केली. महदाइसांनी श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे तेथल्या तेथे जुळवून गायिले. मराठीत आद्य कवयित्री म्हणून ज्यांचा निर्देश होतो त्यांचे काव्य या रीतीने जन्मास आले. हाती लेखणी नव्हती, पुढे पोथी नव्हती, आणि 'आता काव्य करावे' असा संकल्पही नव्हता.

सद्भक्तहो, ही लीला बहुतेकांनी ऐकलेली आहे. पण ऐकताना एक प्रश्न सहसा वगळला जातो. आज्ञा झाली आणि गाणे निघाले, एवढ्याने समाधान मानावयाचे झाल्यास काव्य म्हणजे केवळ चमत्कार ठरतो. चमत्कार म्हटला की विचार थांबतो. आज्ञा तर तेथे जमलेल्या कोणालाही होऊ शकली असती. ती ज्यांना झाली त्यांच्या अंतःकरणात त्या क्षणापूर्वी काय साठलेले होते, आणि आज्ञेने त्या साठ्याचे काय झाले, हे पाहिल्याखेरीज काव्य कसे घडते याचा उलगडा होत नाही. या उलगड्याशी साधकाचेही एक प्रयोजन जडलेले आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी अनुसरलेल्यास अटन, विजन, भिक्षा, भोजन आणि स्मरण असा आचार निरोपिला. त्यात काव्य करावे असे कोठेही नाही. मग पंथाच्या पहिल्या शतकात इतकी काव्ये झाली ती विधीच्या कक्षेत झाली की कक्षेबाहेर? ज्या निवृत्ताच्या मनात आजही एखादे पद उगवते आणि ज्याला ते लिहावे की दडपावे हे कळत नाही, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ पांडित्याचा नाही.

प्रथम महदाइसांची पूर्वस्थिती पाहू. त्या आचार्य श्रीनागदेवांच्या चुलत भगिनी. बालपणीच वैधव्य आलेले. आरंभी त्या दादोसांच्या अनुयायी होत्या आणि त्यांच्याच निमित्ताने स्वामींच्या संनिधानी आल्या. लीळाचरित्र वाचणाऱ्यास त्यांची एक मूर्ती स्पष्ट दिसते, ती प्रश्न विचारणाऱ्या स्त्रीची. स्वामी काही निरोपीत आहेत आणि महदाइसा मध्येच थांबवून 'ते कसे?' म्हणून पुसतात, असे प्रसंग वारंवार येतात. अनेक वचने त्यांच्या पुसण्यामुळेच आपल्यापर्यंत आली. त्यांचा प्रश्न वाद जिंकण्यासाठी नसे, दुसऱ्याचे अज्ञान दाखविण्यासाठीही नसे. सांगितलेली गोष्ट डोळ्यापुढे पूर्ण उभी राहात नाही, तिची एखादी बाजू अंधारात राहिली आहे, हे त्यांना सहन होत नसे, म्हणून त्या विचारीत.

हा स्वभाव आणि कवीचा स्वभाव यांत फार थोडे अंतर आहे. रुक्मिणीने पत्र पाठविले, एवढे कथेत असते. ऐकणारे पुष्कळ जण तेथे मान डोलावून पुढे जातात. प्रश्न करणारे मन मात्र तेथेच अडते. पत्र कोणाच्या हाती दिले? देताना काय सांगितले? तो ब्राह्मण परत येईपर्यंत तिने दिवस कसे काढले? बंधू रुक्मी विरोधात, शिशुपालाचे वऱ्हाड येऊन पोहोचलेले, घर पाहुण्यांनी भरलेले, आणि जिचे लग्न तिचे मन मात्र द्वारकेच्या वाटेवर. ज्याने असे प्रश्न आयुष्यभर विचारले त्याच्यापाशी उत्तरांचा साठा होतो, आणि तो साठा शब्दांचा नसून चित्रांचा असतो. काव्याचे बीज येथे पडते. शब्द फार मागाहून येतात. कवितेचा आरंभ लेखणी उचलल्यापासून मोजणारे बीज न पाहता अंकुरच मोजतात.

दुसरा साठा छंदाचा. धवळे हे विवाहप्रसंगी स्त्रियांनी गावयाचे गाणे. ते महदाइसांनी निर्माण केले नाही. ते त्यांच्याही आधी आयाबायांच्या मुखात होते. ओवीचेही तसेच. शके १०५१ च्या सुमारास झालेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात अशी नोंद आहे. म्हणजे ग्रंथकारांनी ओवी हाती घेतली त्याच्या कितीतरी आधी ती उखळाजवळ वावरत होती. धवळ्यातील चरण मोजून-मापून सारखे केलेले नाहीत. एखादा चरण लांबतो, एखादा आखडतो. शेवटी यमक मिळाले आणि चाल सांभाळली म्हणजे झाले. शास्त्र शिकलेल्या माणसास ही शिथिलता वाटेल. पण जेथे रचना आणि गायन एकाच श्वासात करावयाचे आहे तेथे हीच शिथिलता उपकारक होते. एक स्त्री म्हणते, इतर मागून म्हणतात. इतर जणी म्हणत असतात तेवढ्या वेळात पहिलीला पुढचा चरण सुचतो. यमकाचा शब्द तिला आधी सापडतो आणि चरण त्या शब्दाकडे चालत जातो. जात्यावर बसलेल्या दोघींना आजही पुसावे, त्या हेच सांगतील. 'उत्स्फूर्त' असे ज्याला म्हणतात त्याच्यामागे पिढ्यान्पिढ्यांचा सराव उभा असतो, आणि तो व्यक्तीचा नसून समाजाचा असल्यामुळे दिसत नाही, इतकेच.

तिसरी गोष्ट स्थळाची. रुक्मिणी ही विदर्भराजाची कन्या. तिचे कुंडिनपूर म्हणजे वर्धा नदीच्या तीरावरील कौंडिण्यपूर, असे परंपरा मानते. रिद्धपूर आणि कौंडिण्यपूर ही दोन्ही स्थाने आज अमरावती जिल्ह्यातच मोडतात. तेव्हा रिद्धपुरात रुक्मिणीचे लग्न गाणे म्हणजे परमुलखातील राजकन्येची कथा सांगणे नव्हते. ती आपल्याच मुलखातील मुलगी होती आणि तिला दूर द्वारकेस नेले गेले होते. ऐकणाऱ्या स्त्रियांना तिचे माहेर ठाऊक होते. महदाइसांच्या रचनेत जो घरगुतीपणा सर्व अभ्यासकांना जाणवतो त्याचे कारण केवळ भाषेचे साधेपण नाही. कथा ज्या मातीतली होती तेथेच ती गायिली गेली, हेही त्याचे एक कारण आहे. (त्याच रिद्धपुरी २०२४ पासून मराठी भाषेचे विद्यापीठ चालू झाले आहे. तेथील विद्यार्थ्यांनी हे धवळे ग्रंथालयात वाचावे ते वाचावेच, पण गावातल्या वृद्ध स्त्रियांकडून विवाहगीतांच्या चालीही ऐकाव्या. पोथी चाल जपू शकत नाही.)

साठा चित्रांचा होता, छंदाचा होता आणि स्थळाचाही होता. पण साठा म्हणजे काव्य नव्हे. रिद्धपुरात धवळे म्हणू शकणाऱ्या आणखीही स्त्रिया असतील, रुक्मिणीची कथा जाणणारेही असतील. त्या क्षणी महदाइसांच्या ठिकाणी जे घडले त्याचे मर्म निराळे आहे, आणि ते पंथाच्या तत्त्वज्ञानाशिवाय कळणारे नाही.

सामान्य कवी विवाहगीत रचतो तेव्हा समोर एक वर असतो आणि तो त्याला श्रीकृष्णाची उपमा देतो. वर निराळा, श्रीकृष्ण निराळा, आणि मधे 'जसा' हा शब्द. अलंकारशास्त्राचा निम्मा व्यवहार या 'जसा'वर चालतो. महदाइसांपुढे मात्र उपमेयही नव्हते आणि उपमानही नव्हते. पंचकृष्णांत श्रीकृष्ण चक्रवर्ती आणि श्रीगोविंदप्रभू हे त्याच एका परमेश्वराचे अवतार. ज्याचे लग्न द्वापरात झाले त्याच्याच पुढे त्याच लग्नाचे गाणे म्हणावयाचे होते. कथेतील नायक पुढ्यात बसून ती कथा ऐकत होता. अशा स्थितीत कवीला काय करावे लागते? त्याला काही जोडावे लागत नाही. त्याने केवळ आठवावयाचे असते. नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांचे स्मरण करावे असे जे सांगितले आहे त्यापैकी लीळास्मरणच येथे मुखावाटे बाहेर पडले, आणि समोर मूर्ती प्रत्यक्ष असल्यामुळे त्या स्मरणाला भटकण्यास अवकाश उरला नाही. धवळे नीट ऐकले म्हणजे ध्यानात येते की त्यांत अलंकारांची दाटी नाही. कवयित्रीला अलंकार येत नव्हते म्हणून ही दाटी नाही असे समजणे चूक आहे. अलंकाराचे काम जेथे नव्हते तेथे तो आला नाही.

म्हणून 'काव्य विधीत बसते काय' या प्रश्नाचा अर्धा निकाल येथे लागतो. महदाइसांनी स्मरण सोडून काव्य केले नाही. स्मरण गच्च भरले, आज्ञेने त्याचे दार उघडले आणि ते बाहेर आले. स्मरण पातळ आणि शब्द दाट असे जेथे असते तेथे काव्य साधकाला ओढून नेते. जेथे स्मरणच दाट असते तेथे शब्द त्याच्या मागून चालतात. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. यमके दोन्हीकडे असतात, स्तुतीही दोन्हीकडे होते. भेद फक्त रचणाऱ्यालाच कळतो, आणि तोही प्रामाणिक असेल तरच.

अर्धा निकाल म्हणण्याचे कारण असे की काव्य त्या दिवशी पूर्ण झाले नाही. धवळ्यांचे पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे दोन भाग आहेत. पूर्वार्ध विवाहप्रसंगीचा. उत्तरार्ध मागाहून, भक्तजनांच्या विनंतीवरून झालेला. येथे मात्र रचनेची अट पालटली. ती सभा नव्हती, तो खेळ नव्हता, मागून म्हणणाऱ्या स्त्रियांचा तो घोष नव्हता. एकदा वाहून गेलेल्या पाण्याच्या पात्रात पुन्हा उतरून पुढचा प्रवाह शोधावयाचा होता. ज्यांनी कधी काही रचले आहे ते सांगतील की आरंभ करण्यापेक्षा थांबलेले पुढे नेणे कठीण जाते. आरंभ प्रसंग देतो, पण पुढे नेण्यास धारणा लागते. पहिल्या भागाचा स्वर कानात धरून ठेवावा लागतो, नाहीतर दुसरा भाग दुसऱ्याच कोणाचा वाटू लागतो. महदाइसांनी तो स्वर धरला. पुढे त्यांच्या नावे 'मातृकी रुक्मिणीस्वयंवर'ही आढळते. त्यातही कथा तीच, पण वर्णमालेच्या अक्षरांचा क्रम घेऊन ओव्या बांधलेल्या. तीच कथा एकदा मोकळ्या चालीत गायिली, आणि एकदा अक्षरांचे कुंपण घालून. वरवर पाहता ही शब्दांची कसरत वाटेल. पण अक्षरक्रमाने बांधलेले पद्य पाठास सोपे जाते, एक ओवी विसरली तर पुढचे अक्षर तिची आठवण देते. ज्या समाजात लेखनापेक्षा पाठ अधिक चाले त्या समाजातील वृद्ध साधकांना ही केवढी सोय! कवयित्रीने आपले कौशल्य दाखविण्यासाठी नव्हे तर दुसऱ्याच्या स्मरणाला आधार म्हणून हे बंधन पत्करले, असे मानण्यास जागा आहे.

हीच दृष्टी आचार्य श्रीनागदेवांचीही होती. केशिराजबास संस्कृतात ग्रंथरचना करीत असता आचार्यांनी त्यांना आवरले. संस्कृताने आपल्या म्हाताऱ्या साधक स्त्रिया वंचित राहतील, ही त्यांची काळजी होती. महदाइसांना सर्व पंथ 'म्हातारी' म्हणूनच ओळखी. म्हणजे आचार्य ज्यांच्या वतीने बोलले त्यांच्यापैकीच एकीने मराठीत ते काव्य केले होते. महदाइसांच्या देहावसानानंतर आचार्यांनी त्यांना धर्माची राखण करणारी म्हणून आठविले. त्या शब्दात काव्याचा उल्लेख नाही, आणि नसावा हेच उचित आहे.

नरेंद्रकवीची कथा येथे थोडक्यात पुरे. तो यादव राजा रामदेवराव याच्या सभेतला कवी. त्याने 'रुक्मिणीस्वयंवर' रचले. राजाने ते ऐकले आणि प्रत्येक ओवीस सोन्याचे नाणे देऊ केले. अट एवढीच की ग्रंथात कर्ता म्हणून राजाचे नाव यावे. नरेंद्राने नकार दिला. पुढे ग्रंथ राजाकडेच राहिला आणि कवी व त्याचे बंधू यांनी एका रात्रीत जेवढ्या ओव्या उतरून घेता आल्या तेवढ्या घेऊन ते निघाले, अशी हकिगत पंथपरंपरा सांगते. नरेंद्र नंतर आचार्यांपाशी येऊन अनुसरला. या कथेत लोक नकारापाशी थांबतात आणि कवीच्या स्वाभिमानाची वाखाणणी करतात. ते ठीकच आहे. परंतु स्वाभिमान कवीकुळाचा होता, तो अजून परमार्थाचा झालेला नव्हता. खरा विलक्षण प्रसंग त्या रात्रीचा आहे. स्वतः रचलेला ग्रंथ, आणि त्यातले काय वाचवावयाचे हे तेल जळेपर्यंतच ठरवावयाचे. आपण जे रचले ते आपल्या मालकीचे नव्हे, ही गोष्ट नरेंद्राला कोणी उपदेशाने सांगितली नव्हती. ती त्या रात्री त्याने हातांनी अनुभवली असेल.

आता कवीश्वर भास्करभट्ट बोरीकर यांच्याकडे वळले पाहिजे, कारण उरलेला अर्धा निकाल त्यांच्यापाशी आहे. महदाइसांचे काव्य आज्ञेने उगवले. भास्करभट्टांचे काव्य विद्येतून आले. ते संस्कृतज्ञ, काव्यशास्त्रात निपुण, पुढे ज्यांच्या नावे पंथात कवीश्वर आम्नाय चालला ते पुरुष. चौदाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी 'शिशुपालवध' हा १०८७ ओव्यांचा ग्रंथ केला. माघकवीचे संस्कृत महाकाव्य आणि श्रीमद्भागवत ही दोन्ही त्यांच्या पुढ्यात होती. ग्रंथाचे नाव वधाचे, पण तो रमतो श्रीकृष्ण आणि रुक्मिणी यांच्या प्रेमात, रुसण्या-मनावण्यात, ऋतूंच्या शोभेत. वध शेवटी येतो आणि लवकर उरकतो. कवीची लेखणी कोठे रेंगाळते आणि कोठे घाई करते हे पाहिले की त्याचे मन कोठे होते ते कळते. ग्रंथाचे शीर्षक लपवू शकेल, ओव्यांची संख्या लपवीत नाही.

ग्रंथ सिद्ध झाल्यावर तो पंथातील एका अधिकारी पुरुषास दाखविण्यात आला. त्यांनी ग्रंथ चांगला झाला हे मान्य केले, परंतु तो निवृत्तांच्या उपयोगाचा नाही, शृंगाराची आवड असलेल्या प्रवृत्तांच्या उपयोगाचा आहे, असा अभिप्राय दिला. प्रशंसा आणि नकार एकाच वाक्यात. कवीला याहून कठीण वाक्य नाही. निव्वळ निंदा झाली असती तर निंदकाला रसिकता नाही असे म्हणून मन मोकळे झाले असते. येथे रसिकतेला आव्हान नव्हते. रस पुरेपूर आहे, हाच दोष होता.

या ठिकाणी थोडे थांबावे. सहस्राहून अधिक ओव्या लिहिलेल्या माणसाच्या मनाची कल्पना करावी. त्याच्यापाशी प्रतिवाद होता, आणि तो दुबळा नव्हता. शृंगार कोणाचा? परमेश्वरावताराचा. मग त्याचे वर्णन हे लीळास्मरणच नव्हे काय? महदाइसांनी विवाह गायिला तो श्रीप्रभूंना मान्य झाला, तर भास्करभट्टांनी विवाहानंतरचा विलास गायिला त्यात अधिक काय बिघडले? हा प्रतिवाद तर्काने खोडता येत नाही. आज पुष्कळ सुशिक्षित वाचक तोच करतात आणि त्या अधिकारी पुरुषास अरसिक ठरवितात. पण तो प्रश्न तर्काचा नव्हताच. धवळे ऐकून ऐकणाऱ्याचे मन नवरदेवाकडे वळते. 'शिशुपालवध' ऐकून ते मन कवीकडे वळते. ओवी सरताच मुखातून 'वाहवा' निघते ती कवीसाठी. निवृत्ताने जे घर सोडले त्याच्याच अंगणात ती वाहवा त्याला पुन्हा आणून उभी करते. दोष श्रीकृष्णाच्या शृंगारात नव्हता, भास्करभट्टांच्या भक्तीतही नव्हता. सौंदर्य रचताना रचणाऱ्याला जो आनंद होतो तो ग्रंथात इतका उतरला होता की वाचणाऱ्यास तो आधी भेटे आणि श्रीकृष्ण मागाहून.

तरीही येथे एक स्पष्ट सांगितले पाहिजे. त्या अभिप्रायाचा आधार घेऊन सर्व काव्यच त्याज्य ठरविण्याची जी प्रवृत्ती मधूनमधून मठांत डोके वर काढते ती पंथाची नव्हे. पंथाने 'शिशुपालवध' बुडविला नाही, जाळला नाही, लपविला नाही. ज्या सात ग्रंथांना 'साती ग्रंथ' म्हणून मान मिळाला त्यांत त्यानेही स्थान मिळविले. अभिप्राय देणाऱ्यांनी ग्रंथ चांगला आहे हे पहिले म्हटले होते, त्या पहिल्या शब्दाचाही पंथाने मान राखला. पिढ्यान्पिढ्या लेखकांनी हाताने प्रती केल्या, सांकेतिक लिपीत उतरविल्या, आणि प्रवृत्तांच्या उपयोगाचा म्हटलेला ग्रंथ निवृत्तांनीच सांभाळला. यात विसंगती शोधणाऱ्याने शोधावी. ज्या वृक्षाचे फळ आज आपल्या पथ्याचे नाही तो तोडावयाचा नसतो, एवढे व्यवहारज्ञान त्या जुन्या मंडळींपाशी होते.

आणि भास्करभट्टांनी काय केले? ते रुसले नाहीत. प्रतिवादही केला नाही, निदान त्याची आठवण परंपरेने ठेवलेली नाही. त्यांनी दुसरा ग्रंथ आरंभिला. श्रीमद्भागवताचा एकादश स्कंध घेऊन त्यांनी ८२७ ओव्यांत जे सांगितले ते 'उद्धवगीता' या नावाने प्रसिद्ध आहे. विषयाची निवड पाहण्यासारखी आहे. पहिल्या ग्रंथात श्रीकृष्णाचे जवळ असणे होते. दुसऱ्यात दूर जाणे आहे. पहिल्यात रुक्मिणीचा रुसवा, जो एका शब्दाने निवतो. दुसऱ्यात उद्धवाचा वियोग, ज्याला उपाय नाही. तेच श्रीकृष्ण, तोच कवी, तीच ओवी. प्रतिभा बदलता येत नाही, ती जन्माबरोबर येते. पण ती कशाकडे तोंड करून उभी राहावी हे ठरविता येते, आणि भास्करभट्टांनी ते ठरविले. दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचले म्हणजे दुसऱ्यात कवीने आपला हात किती ठिकाणी आवरला आहे ते दिसते. जेथे ऋतुवर्णन सहज पसरता आले असते तेथे दोन ओव्यांत तो पुढे जातो. हे आवरणे कोरडेपणातून आलेले नाही. भरलेल्या घागरीवर हात धरून चालावे तसे ते आहे. ज्याच्यापाशी पसरण्याचे सामर्थ्य नाही त्याच्या संक्षेपाला संयम म्हणत नाहीत.

दुसऱ्या ग्रंथामागे आणखी एक गोष्ट होती, तिचा उच्चार ग्रंथात नसला तरी ती विसरता येणार नाही. स्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यावर मागे राहिलेल्यांचे काय झाले हे ज्यांनी पाहिले होते ते पंथात त्या काळी वृद्ध होते, आणि ज्यांनी पाहिले नव्हते ते त्या वृद्धांच्या तोंडून ऐकत वाढले होते. नागदेवाचार्यांचा शोक पंथाच्या घरोघरी सांगितला जात असे. अशा मंडळींपुढे उद्धवाचा निरोप वाचणे म्हणजे काय, हे भास्करभट्टांना वेगळे सांगावे लागले नसेल. श्रीप्रभूंपुढे रुक्मिणीचे लग्न गाताना महदाइसांना उपमा शोधावी लागली नाही, तसेच येथे झाले. महदाइसांच्या श्रोत्यांना नवरदेव दिसत होता, भास्करभट्टांच्या श्रोत्यांना त्याची रिकामी जागा दिसत होती. कवीला दोन्ही ठिकाणी अलंकार फारसे खर्चावे लागले नाहीत.

एकादश स्कंधाच्या त्या भागात श्रीकृष्ण उद्धवाला बदरिकाश्रमी जाण्याची आज्ञा करतात. उद्धवाला जाववत नाही. आज्ञा मोडवत नाही आणि पाऊल उचलवत नाही. श्रीकृष्णांच्या पादुका मस्तकी घेऊन, पुन्हा पुन्हा नमन करून तो निघतो. भागवतात हा प्रसंग थोडक्या श्लोकांत आहे. शृंगाराच्या शेकडो ओव्या लीलया लिहून गेलेल्या कवीला या थोडक्या श्लोकांपाशी येऊन लेखणी खाली ठेवावी लागली असेल, आणि पुन्हा उचलण्यापूर्वी पुष्कळ वेळ नुसते बसून राहावे लागले असेल.